आधी पत्रा, मग ब्रेक, शेवटी इंजिन
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही जुन्या अमेरिकन ‘मसल कार’विषयी, म्हणजे 1964 पासून साधारण 1973 पर्यंत मध्यम आकाराच्या बॉडीत मोठे व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन बसवून विकल्या गेलेल्या गाड्यांविषयी लेख छापला, तेव्हा किनारपट्टीवरून एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. वास्तविक अमेरिकन गाडी कोकणी माणसाला परकी नाही. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स 1928 पासून शेवरले जुळवत असे, स्वातंत्र्यानंतर कुर्ल्यात प्रीमियरने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या, आणि या गाड्या पाहतच आपल्या चाकरमान्यांच्या दोन पिढ्या मुंबईत वावरल्या. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या दिवंगत काकांनी मुंबईत एका परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्याकडून घेतलेली 1966 ची फोर्ड मस्टँग गेली बावीस वर्षे आमच्या वाडीत आंब्याखालच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन हाताने फिरते. मिस्त्री म्हणतात, आधी इंजिन चालू करू, बाकीचे मग पाहू. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : आपल्या मिस्त्रींचा सल्ला घाटावर कदाचित चालून गेला असता, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बावीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीला तो लागू नाही. मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पट्टे आणि इंजिनाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तुळया एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा तयार होतो, तीच तिची चॅसी. त्यामुळे या गाडीत गंज लागला की तिचे रूप तर जातेच, पण बळही जाते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ पत्र्यावर बसते, हवेतील ओल ओढून घेते, आणि डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्राही प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली राहतो. गंजाला याहून अधिक काही लागत नाही.

सर्वांत आधी पाहण्याची जागा म्हणजे पुढच्या काचेच्या तळाशी, बॉनेट संपते तेथे असलेली जाळी. या जाळीखाली एक बंद पेटी असते. तिच्यात दोन गोल कडी उभी असतात, ज्यांतून गाडीत हवा येते, आणि पावसाचे पाणी त्या कड्यांना वळसा घालून दोन्ही बाजूंनी मडगार्डच्या मागून खाली जावे अशी योजना असते. ही पेटी आतून कारखान्यात पुरेशी रंगवलीच जात नसे. आपली गाडी आंब्याखाली आहे म्हणजे पाने, मोहोर आणि धूळ यांचे त्या पेटीत अक्षरशः खत झाले असणार, आणि ते बारा महिने ओले राहत असणार. मग कड्यांचा बुडखा कुजतो आणि पाणी थेट बसणाऱ्याच्या पायांवर उतरते.

परीक्षा सोपी आहे. गालिचा काढून टाका, उजेडासाठी टॉर्च धरून डॅशबोर्डखाली उताणे व्हा आणि घरातील कोणाला तरी जाळीत तांब्याने पाणी ओतायला सांगा, एका वेळी एकच तांब्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. पाणी बाहेर मडगार्डमागे पडले तर आपण भाग्यवान आहात. ते कड्याच्या भोवतीने थेंबथेंब आत आले तर वरची पेटी स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवून काढावीच लागेल. आतून सील भरून भागवण्याचा मोह होईल, पण तो उपाय एका पावसाचा आहे.

त्यानंतर एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांभोवती आणि दारांखालून फिरवा. जेथे तो धरत नाही तेथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. तळाच्या तुळयांना टोच्याने टोचून पाहा. डिकीतही पाहा, कारण या मस्टँगमध्ये पेट्रोलची टाकी वरून बसवलेली असते आणि टाकीचा माथा हीच डिकीची जमीन असते.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी उलटा क्रम धरला होता. इंजिन उतरवून बोअर केले, नवे पिस्टन घातले, दीड वर्षाची बचत त्यात घातली, आणि गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायच्या दिवशी जॅक लावला तर जॅकचे डोके तळाच्या पट्ट्यात भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावे तसे शिरले. पत्र्याच्या कामासाठी तेच इंजिन पुन्हा उतरवावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच क्रम सांगत आलो आहे : आधी पत्रा, मग ब्रेक, शेवटी इंजिन.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. 1966 या एका वर्षात सहा लाखांहून अधिक मस्टँग विकल्या गेल्या, त्यामुळे तळाच्या पत्र्यापासून त्या कुप्रसिद्ध पेटीपर्यंत तिचा जवळपास प्रत्येक भाग अमेरिकेत आजही नवा बनतो. मात्र पत्रा कापताना गाडीला आतून आडवे आधार वेल्ड करून घ्या आणि दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी कापू देऊ नका, नाहीतर सांगाडा बसतो आणि दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. वेल्डिंग झाल्यावर पोकळ भागांत आतून मेण किंवा तेल फवारणे हे बाहेरच्या रंगाहून महत्त्वाचे आहे. आपल्याकडे होड्यांच्या लाकडाला माशाचे तेल चोपडतात. अमेरिकेत रस्ट-ओलियम हा गंजरोधक रंग निघाला तोही सांडलेल्या माशाच्या तेलाखाली लोखंडी डेक गंजत नाही, हे एका जहाजाच्या कप्तानाने पाहिल्यावरूनच. तेव्हा हर्णैच्या बंदरावर या विषयातील शहाणपण पूर्वीपासून आहे.

प्रश्न : 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या सासऱ्यांची 1968 ची डॉज डार्ट डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही ती धुतली, पण इंजिन तेव्हापासून अडकलेले आहे. ट्रॅक्टरने ओढून चालू करावी, असे सुचवले जात आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कृपया ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा गाळ असेल तर तो दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रिंगा गंजाने भिंतीला चिकटल्या असतील तर पिस्टन तुटतो. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल यांचे मिश्रण ओता आणि आठ-दहा दिवस तसेच राहू द्या, मध्ये मध्ये भर घालत राहा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने पुढे-मागे केसभर हलवण्याचा प्रयत्न करा. हलले तर हळूहळू सुटेल. न हलल्यास हेड उतरवा, जोर करू नका. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधील तेल दुधाळ असेल तर ते काढून टाकल्याशिवाय इंजिन फिरवूच नये.

इंजिनापेक्षाही मला काळजी वाशिष्ठीच्या गाळाची वाटते. तो दारांच्या तळाशी आणि पोकळ पट्ट्यांत जाऊन बसतो, सुकल्यासारखा दिसतो आणि दर पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. गोड्या पाण्याची नळी पोकळ भागांत आतपर्यंत घालून गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत धुवा. मागच्या ॲक्सलमधील तेल बदला, कारण त्याच्या हवेच्या छिद्रातून पाणी आत जाते. सीटांचा फोम टाकून द्यावा.

प्रश्न : वडिलांनी जपलेली 1967 ची मर्क्युरी कूगर मी चालवते. हल्ली गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी अडखळते. पेट्रोलमधील इथेनॉलमुळे असे होते का? आणि शिसे नसलेल्या पेट्रोलने इंजिन खराब होते, हे खरे का?
— एक वाचिका, गुहागर

उत्तर : दोन्ही लक्षणे इथेनॉलशी जुळतात. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि 1967 च्या रबराला त्याची सवय नाही. नळ्या फुगतात, मऊ होतात, त्यांतून वास झिरपतो आणि पुढे पेट्रोलही झिरपते. हा आगीचा धोका आहे, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्या. अडखळण्याचे मूळ बहुधा त्या शेवटच्या पडद्यात आहे. उरलेले कारण असे की शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरतात, म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून, कार्बोरेटरातील इंधनाच्या बारीक छिद्रातून, इंजिनाला इंधन कमी पडते. मुख्य जेट एक-दोन मापांनी मोठे करून प्लगचा रंग पाहावा. तो पांढरट न राहता फिकट तपकिरी आला पाहिजे.

किनाऱ्यावर याला आणखी एक पदर आहे. त्या काळातील टाकी बाहेरची हवा श्वासासारखी आत घेते, आणि इथेनॉल त्या हवेतील ओल शोषते. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि टाकी आतून गंजते. म्हणून कूगरच्या टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल ठेवू नका.

शिशाबाबत निश्चिंत राहा. देशभर शिसेविरहित पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून आहे. शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला मऊ थर देत असे, आणि त्याविना सतत जोराने चालवलेल्या इंजिनात बैठक झिजते. सावकाश आणि थोड्या चालणाऱ्या गाडीत ही झीज फार मंद असते. पुढे कधी हेड उतरले तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात, त्यासाठी मुद्दाम हेड उतरवू नये.

प्रश्न : 1969 च्या कॅमरोचे 350 इंजिन नव्याने बांधून घेतले, महागातले आधुनिक तेल घातले, तरी दोन महिन्यांत टकटक सुरू झाली. कॅमशाफ्टचे दोन उंचवटे झिजून गेले आहेत. कारागिराने दगा दिला का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसे मानण्याआधी तेलाकडे पाहा. त्या काळातील टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारे दांडके, सपाट तळाचे असतात आणि कॅमवर घासत चालतात. धातू धातूला भिडू नये म्हणून तेलात जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग पुरेसे असावे लागते. नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक खराब होऊ नयेत म्हणून आधुनिक हलक्या तेलांत फॉस्फरसला दशलक्षात 800 भागांची मर्यादा आहे, आणि जुन्या कॅमला साधारण 1000 ते 1200 लागतात. महाग तेल आपल्या इंजिनासाठी वाईट ठरले ते असे. जुन्या इंजिनांसाठी मुद्दाम बनवलेले जस्तयुक्त तेल वापरा. नवा कॅम बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा चालू होताच ते रेंगाळू न देता सुमारे 2000 फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवायचे असते, कारण कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या फेकण्यातून मिळते. ही वीस मिनिटे पाळली होती का, हे कारागिराला विचारावे. झिजलेल्या धातूची भुकटी बेअरिंगपर्यंत गेलेली असते, तेव्हा इंजिन पूर्ण उघडून धुतल्याशिवाय नुसता कॅम बदलू नका. टॅपेटही सोळाच्या सोळा नवे घाला.

प्रश्न : आमची 1965 ची शेवरले इम्पाला व्ही-8 आहे, दोन गतींचा पॉवरग्लाइड गिअर आहे. आंबोली घाट उतरताना ब्रेक निम्म्या वाटेत लागेनासे झाले आणि पेडल तळाला गेले. लायनिंग नवी आहेत.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण सुखरूप उतरलात याचे समाधान आहे, परंतु दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका. दीड टनाहून जड गाडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचवणारा एकेरी मास्टर सिलिंडर असा हा मेळ आहे. लायनिंग तापून पकड गेली असती तर पेडल कडक राहिले असते. ते तळाला गेले, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली. हे ऑइल हवेतील पाणी शोषते. डॉट 3 दर्जाचे ताजे ऑइल 205 अंशांना उकळते. त्यात पाणी मुरले की तेच 140 अंशांवर येऊ शकते, आणि आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ते मुरतेच. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, ऑइल पूर्ण बदलावे.

दुसरे काम दुहेरी मास्टर सिलिंडरचे. अमेरिकन गाड्यांत 1967 च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या वाटा वेगळ्या झाल्या, जेणेकरून एक फुटली तरी दुसरी उरते. आपल्या गाडीत हा बदल करता येतो. मूळ स्वरूपाविषयी मी फार आग्रही आहे, पण येथे तो आग्रह मी सोडतो.

चालवण्याविषयी : घाट सुरू होण्याआधीच, वेग कमी असताना, लिव्हर ‘लो’वर घ्या आणि खाली पोहोचेपर्यंत तेथेच ठेवा. ब्रेक दाबून धरू नका. दाबा, सोडा, थंड होऊ द्या. आणि जाता जाता सांगतो, कारण आपण सावंतवाडीचे आहात : ब्रेकच्या लायनिंगमध्ये जी घर्षणाची भुकटी घालतात ती काजूच्या टरफलांच्या तेलापासून बनते. अमेरिकन गाड्यांच्या ब्रेकमध्ये ती कित्येक दशकांपासून आहे.

प्रश्न : माझा मुलगा मिशिगनमध्ये असतो. त्याला तेथे 1965 ची पाँटियाक जीटीओ विकत घेऊन तेथेच ठेवायची आहे. ती अस्सल आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : चॅसी नंबरवरून ओळखता येणार नाही, आणि फसवणूक तेथेच होते. जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांत 330 घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही असा नियम केला होता. पाँटियाकने 389 घन इंचांचे, म्हणजे 6.4 लिटरचे इंजिन टेम्पेस्ट लमान्सचा एक ‘पर्याय’ म्हणून देऊन त्यातून वाट काढली. म्हणून 1964 आणि 1965 च्या जीटीओचा नंबर लमान्सचाच असतो, आणि साध्या लमान्सवर जीटीओची चिन्हे लावून विकणे सोपे जाते. 1966 पासून मात्र नंबर 242 ने सुरू होतो. मुलाला सांगा की पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या नंबरची कारखान्यातील मूळ नोंद मागवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा चुंबक आणि टोच्या तेथेही लागेल.

प्रश्न : अशा गाडीची नोंदणी कशी होते?
— एक वाचक, देवगड

उत्तर : 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि मुदत 10 वर्षांची असते. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती परवानगी नाही. येथेही पत्र्याचा संबंध येतो. जुन्या मस्टँगसारख्या गाड्यांत चॅसी नंबर इंजिनाशेजारच्या आतल्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. तो पत्रा बदलताना नंबर भंगारात गेला, तर कागदोपत्री आपली गाडीच नाहीशी होते. कापण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या आणि तेवढा तुकडा शाबूत ठेवण्याची सूचना कारागिराला लेखी द्या.

प्रश्न : दोन वर्षे खपून 1970 ची मस्टँग पूर्ण केली. आता पावसाळ्यात तिला कसे ठेवावे? घरचे म्हणतात, प्लास्टिकने गुंडाळून ठेव आणि दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू कर.
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोन्ही गोष्टी टाळा. प्लास्टिकखाली ओल अडकते आणि रात्री तिचे थेंब होऊन रंगावर बसतात. सुती आच्छादन घाला. पाच मिनिटांचे इंजिन तर त्याहून घातक आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तरच ती वाफ बाहेर जाते, नाहीतर ती पाइपात आणि तेलात पाणी होऊन राहते. चालवायची तर चांगला अर्धा तास रस्त्यावर चालवा, अन्यथा चार महिने हात लावू नका.

मृगापूर्वी तेल बदला, कारण जुन्या तेलातील आम्ल बेअरिंगला खाते. टाकीतील पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा करा, बॅटरी घरात आणा, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचला. जांभ्याच्या घरात ओल जमिनीतून वर येते, म्हणून प्लास्टिक गाडीवर न घालता तिच्याखाली अंथरा. खोली छोटी आणि बंद असेल तर हवेतील ओल काढणारे यंत्र लावा. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली तर गंजाचा वेग एकदम पडतो. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर उंदीर तेथे घर करतात आणि पुढे वायरिंगवर येतात.

नवरात्रापर्यंत पाऊस ओसरला, रस्ते सुकले की गाडी खाली उतरवा, ब्रेक आधी अंगणात तपासा आणि पहाटे रहदारी नसताना वेंगुर्ल्याच्या बाजूला निघा. खिडक्या उघड्या ठेवा. त्या इंजिनाचा आवाज माडांच्या रांगेतून परत येतो तो ऐकण्यासारखा असतो. तारकर्लीच्या ओल्या वाळूवर मात्र छायाचित्रासाठीसुद्धा गाडी उतरवू नका. घरी परतल्यावर, चहाच्या आधी, विहिरीच्या पाण्याने तिचा तळ आणि चाकांच्या कमानी आतून धुवा, आणि दारे उघडी ठेवून तिला उन्हात वाळू द्या.